अनुभव हीच पात्रता : मधल्या टप्प्यातील कार्यकर्त्यांसाठी आंतरराष्ट्रीय फेलोशिप

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत आठ-दहा वर्षे काम केलेले कितीतरी कार्यकर्ते आज पस्तिशी-चाळिशीच्या आसपास आहेत. कुणी अंगणवाड्यांसोबत कुपोषणावर काम केले, कुणी वनहक्काचे दावे भरले, कुणी वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून धडपड केली. यात आपल्या समाजातले शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक आणि संस्थांत मानधनावर काम करणारे तरुण-तरुणी आहेत, तसेच वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी समाजातले कार्यकर्तेही आहेत. परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की यातले बहुतेक जण म्हणतात, "आता वय गेलं." पदवीच्या शिष्यवृत्तीपुरते ते काही अंशी खरे आहे. पण जगात अशाही फेलोशिप आहेत ज्यांत पाच-दहा वर्षे प्रत्यक्ष काम केलेले असणे हीच पहिली अट असते. त्या कोणत्या, त्यांना काय लागते आणि आदिवासी तालुक्यात काम करणाऱ्याने त्यांची तयारी कशी करावी, याची ही माहिती.

शिष्यवृत्ती वेगळी, फेलोशिप वेगळी

आपल्याकडे हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, त्यामुळे गोंधळ होतो. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. ती पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडीसाठी मिळते. वयाची मर्यादा पदव्युत्तरसाठी ३५ आणि पीएचडीसाठी ४० वर्षे आहे आणि परदेशी विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतले स्थान पाहिले जाते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीलाही ३५ वर्षांची अट आहे. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. तिला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. या तासांत बिनपगारी स्वयंसेवी कामही धरले जाते, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. बुलढाणा जिल्ह्यातून आलेले, एकलव्य इंडिया फाउंडेशनचे संस्थापक राजू केंद्रे हे चेव्हनिंगवरच लंडनच्या सोआसमध्ये शिकले.

मधल्या टप्प्यातील व्यावसायिकांची, म्हणजे मिड-करिअर फेलोशिप वेगळी असते. तिच्यात बहुधा पदवी मिळत नाही आणि परीक्षाही नसते. काही आठवडे ते दहा महिने एखाद्या विद्यापीठात किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेत पाहुणा अभ्यासक म्हणून राहायचे, हवे ते अभ्यासक्रम ऐकायचे, आपल्या विषयात काम करणाऱ्या तिथल्या यंत्रणा आतून पाहायच्या, वेगवेगळ्या देशांच्या सहकाऱ्यांशी चर्चा करायची आणि परत येऊन आपल्या कामात ते वापरायचे. निवड करणारे गुणपत्रिकेपेक्षा तीन गोष्टी जास्त पाहतात : तुम्ही आजवर काय केले, तुम्हाला कोणता प्रश्न सोडवायचा आहे आणि परत आल्यावर तुम्ही काय करणार.

धोरणाच्या टेबलाशी आपले नाते जुने आहे

"आंतरराष्ट्रीय धोरण" हा शब्द ऐकला की ते दिल्लीतल्या अधिकाऱ्यांचे काम वाटते. आपल्या चळवळीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. जानेवारी १९१९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे, हा त्या साक्षीचा गाभा होता. १९३० च्या गोलमेज परिषदेत ते आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी हाच मुद्दा लंडनमध्ये मांडला. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे समजताच बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ऑगस्ट १९८३ मध्ये आंबेडकरी विचारवंत, वकील भगवान दास यांनी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उपआयोगासमोर अस्पृश्यतेवर साक्ष दिली. २००१ च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न लावून धरला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जन्माधारित भेदभावात जातीचा स्पष्ट समावेश केला.

जिनिव्हातल्या एका कागदावरचे वाक्य बदलायला इतकी वर्षे लागली, आणि ते बदलले कारण आपली माणसे तिथे स्वतःचा पुरावा घेऊन पोहोचली. फेलोशिपकडे आपण याच नजरेने पाहिले पाहिजे.

प्रमुख फेलोशिप

ह्युबर्ट एच. हम्फ्री फेलोशिप. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची ही फेलोशिप १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात सुरू झाली. ती दहा महिन्यांची असून पदवी देत नाही. उमेदवाराकडे पदवी, किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, सार्वजनिक कामातील नेतृत्व आणि इंग्रजीचे ज्ञान असावे लागते. अमेरिकेत आधी फारसे राहिलेले नसणे ही अटच आहे, म्हणजे जे कधी देशाबाहेर गेले नाहीत त्यांना ती अडचण नाही. सार्वजनिक आरोग्य, ग्रामीण विकास, शिक्षण प्रशासन, कायदा व मानवाधिकार, नैसर्गिक संसाधने, सार्वजनिक धोरण अशी क्षेत्रे तिच्यात येतात. विद्यापीठ तुम्ही निवडायचे नसते. क्षेत्रानुसार एका विद्यापीठात गटाने ठेवले जाते. अभ्यासाबरोबर किमान सहा आठवडे एखाद्या अमेरिकी संस्थेत किंवा सरकारी विभागात प्रत्यक्ष काम करायचे असते. शुल्क, विमान प्रवास, राहण्याचा मासिक भत्ता आणि आरोग्य विमा दिला जातो. भारतातील अर्ज युनायटेड स्टेट्स–इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनमार्फत होतात.

येल वर्ल्ड फेलो. येल विद्यापीठाचा हा कार्यक्रम २००२ पासून चालतो. दरवर्षी जगभरातून सोळाच्या आसपास माणसे निवडून त्यांना साधारण चार महिने विद्यापीठात बोलावले जाते. स्पर्धा मोठी आहे. आपल्या क्षेत्रात ओळख निर्माण केलेल्या, संस्था किंवा मोहीम उभी केलेल्या व्यक्तींना तिथे प्राधान्य मिळते.

अटलांटिक फेलो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आंतरराष्ट्रीय विषमता अभ्यास संस्थेत सामाजिक व आर्थिक समतेवरची ही फेलोशिप आहे. तिचे दोन मार्ग आहेत. निवासी फेलोंना विषमता या विषयातली पूर्ण खर्चाची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी करता येते. अनिवासी फेलो आपली नोकरी न सोडता ठरावीक काळाच्या सत्रांना हजर राहतात. बाबासाहेबांनी १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली ती याच संस्थेतून.

संयुक्त राष्ट्र मानवाधिकार कार्यालयाच्या फेलोशिप. या दोन आहेत, दोन्ही जिनिव्हात होतात आणि काही आठवड्यांच्या असतात. १९९७ मध्ये सुरू झालेली एक मूलनिवासी समुदायांसाठी आहे. २००५ मध्ये सुरू झालेली दुसरी धार्मिक, वांशिक व भाषिक अल्पसंख्याकांसाठी आहे. तिथे संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार यंत्रणा कशी चालते, समित्यांना अहवाल कसा द्यायचा, विशेष प्रतिनिधींकडे तक्रार कशी नेायची, हे शिकवले जाते. मूलनिवासी फेलोशिपमध्ये औपचारिक शिक्षण कमी असणे हा अडथळा मानला जात नाही. समुदायाशी असलेले नाते आणि आपल्या संघटनेची शिफारस महत्त्वाची असते. परत जाऊन इतरांना प्रशिक्षण देण्याची तयारीही पाहिली जाते.

यांतल्या अनेक फेलोशिप परदेशी सरकारांच्या किंवा दात्यांच्या पैशावर चालतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने अशा विनिमय कार्यक्रमांचा निधी काही काळ रोखला होता. त्यामुळे जुन्या जाहिरातीवर विसंबू नये. त्या वर्षी अर्ज मागवले आहेत का, अटी काय आहेत, हे संबंधित संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावे. आणि या फेलोशिपच्या अर्जासाठी कुठल्याही एजंटाची गरज नाही. "निवड करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

जव्हार-मोखाड्याचा अनुभव धोरणाच्या भाषेत

आपल्या कार्यकर्त्यांचा अर्ज मागे पडतो तो अनुभव कमी असतो म्हणून नाही. अनुभव प्रश्नाच्या रूपात मांडलेला नसतो, म्हणून. "मला आदिवासींचे कुपोषण दूर करायचे आहे" असे वाक्य निवड समितीने हजारदा वाचलेले असते. त्यातून तुम्ही दहा वर्षे काय पाहिले ते कळत नाही. याच दोन तालुक्यांतले तीन विषय घेऊन पाहू.

पहिला, पोषण आणि स्थलांतर. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. भारताने बालहक्क संहिता स्वीकारली तीही ११ डिसेंबर १९९२ रोजी. त्यानंतर योजना आल्या, पोषण पुनर्वसन केंद्रे झाली, गरोदर व स्तनदा मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना सुरू झाली. तरी २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यू पुन्हा बातम्यांत आले. पाड्यावर काम करणाऱ्याला यातली एक अडचण ठाऊक असते. भात, नागली, वरईची कापणी झाली की कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मूल गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत असते, पण सहा महिने ते भट्टीवर असते. दंडघेराची शेवटची नोंद दिवाळीआधीची आणि पुढची शिमग्यानंतरची. तीव्र कुपोषित मूल नेमके मधल्या काळात नजरेआड होते.

आता हाच अनुभव असा मांडता येईल : हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील सहा वर्षांखालील मुलांची पोषण-नोंद आणि आहार गावापासून कामाच्या जागेपर्यंत अखंड कसा ठेवता येईल? या प्रश्नाला जगात उत्तरे शोधली गेली आहेत. अमेरिकेत शेतांवर फिरून काम करणाऱ्या मजुरांच्या लहान मुलांसाठी 'मायग्रंट अँड सीझनल हेड स्टार्ट' नावाचा वेगळा कार्यक्रम १९६९ पासून आहे. हंगाम जिथे, तिथे केंद्र, या कल्पनेवर तो उभा आहे. हम्फ्री फेलोशिपमधले सहा आठवड्यांचे काम अशा कार्यक्रमात करता आले, तर काय जमते आणि काय जमत नाही ते कळेल. तिथली व्यवस्था जशीच्या तशी इथे चालणार नाही, पण भट्टीवरच्या अंगणवाडीबद्दल जिल्हा परिषदेत बोलताना आपल्या हातात नुसती मागणी नसेल, एक तपासलेला नमुना असेल.

दुसरा, उचल. मुकादम पावसाळ्यात अडीअडचणीच्या वेळी पैसे देतो आणि हंगामात कुटुंब ते फेडत राहते. हिशेब बहुधा मुकादमाच्या वहीत असतो. देशात वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे. स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्यांसाठी होता, त्यामुळे मोखाड्याहून भिवंडीला गेलेले कुटुंब त्याच्या बाहेरच राहिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाची अकरा लक्षणे सांगितली आहेत आणि कर्जाची बांधीलकी हे त्यांतले एक आहे. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी केलेल्या कामाला १९९९ मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. या भागातला अनुभव जगाला समजतो, हे त्यातून दिसते. "राज्यांतर्गत स्थलांतरितांच्या उचलीची नोंद आणि नियमन कसे करावे?" हा आज अर्जात लिहिता येईल असा नेमका प्रश्न आहे.

तिसरा, पाणी. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातले अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पिण्याचे सुरक्षित पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. ज्यांच्या जमिनीवर धरण झाले त्यांचा त्या पाण्यावर पहिला हक्क कसा मोजायचा, हा प्रश्न जगभर धरणांच्या काठी राहणाऱ्या लोकांचा आहे. जव्हार आणि मोखाडा हे पाचव्या अनुसूचीतले तालुके आहेत आणि तिथे पेसा लागू आहे. त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावांचा अनुभव ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे या चर्चेत सांगण्यासारखे खूप आहे.

या तिन्ही मांडण्यांत एक साम्य आहे. आधी पाड्यावर पाहिलेली अडचण, मग ती कोणत्या कायद्याच्या किंवा योजनेच्या फटीतून निसटते ते, आणि शेवटी बाहेर काय शिकायचे ते. अर्जातल्या निबंधाचा सांगाडा असाच ठेवावा.

कुणाच्या नावाने जायचे

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जव्हार-मोखाड्यात काम करणारा बौद्ध कार्यकर्ता आदिवासींचा प्रतिनिधी नाही, तो त्यांचा सहकारी आहे. ज्या समाजाने १९१९ पासून "आमचे प्रतिनिधित्व आम्हीच करू" असे सांगितले, त्याच समाजातल्या माणसाने दुसऱ्याच्या वेदनेवर स्वतःचा अर्ज सजवू नये. आपल्या अर्जात आपण आपले काम सांगावे : आपण कोणती यंत्रणा चालवली, कुठे ती अडली, काय बदलले. कुणा आईचे, बाळाचे नाव किंवा फोटो अर्जात घालू नये, परवानगी असली तरी.

आणि आपल्यासोबतच्या आदिवासी सहकाऱ्यापर्यंत ही माहिती पोहोचवावी. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनी तारप्याच्या सुरावर मिरवणुका निघतात. ती तारीखच जिनिव्हाची आहे. १९८२ मध्ये त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासींवरील कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. भारत सरकार 'मूलनिवासी' ही संज्ञा एखाद्या विशिष्ट समाजाला लावत नाही, सर्वच भारतीय मूलनिवासी आहेत अशी सरकारची भूमिका आहे. तरी २००७ च्या मूलनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले आहे. जिनिव्हाची मूलनिवासी फेलोशिप वारली किंवा कातकरी कार्यकर्त्याने मागावी आणि आपण त्याला अर्ज टाइप करून द्यावा, इंग्रजी तपासून द्यावे, शिफारसपत्र मिळवून द्यावे. एका तालुक्यातून दोन समाजांची दोन माणसे आपापल्या नावाने गेली, तर परत आल्यावर त्यांचे काम एकमेकांना बळ देईल.

अर्जाची तयारी : दोन वर्षे आधीपासून

*अनुभवाचा पुरावा.* मानधनावर काम करणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण हीच असते. प्रकल्प संपला, संस्था बंद झाली, नियुक्तिपत्र मिळालेच नव्हते. म्हणून प्रत्येक काम सोडताना लेटरहेडवर अनुभव प्रमाणपत्र घ्यावे. त्यात पद, कालावधी, पूर्णवेळ की अर्धवेळ आणि प्रत्यक्ष जबाबदारी लिहिलेली असावी. ग्रामसभेचे ठराव, प्रशिक्षणांची हजेरीपत्रके, वर्तमानपत्रातली कात्रणे, शासनाशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावून स्कॅन करून ठेवावा.

*कामाची मोजदाद.* "बरेच दावे भरले" असे लिहू नये. किती गावांत, किती दावे, त्यांतले किती मंजूर, किती अपिलात, हे आपल्या वहीतून काढावे. संस्थेच्या यशातला आपला वाटा वेगळा सांगावा. आकडा लहान असला तरी चालतो, पण तो खरा असला पाहिजे, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. जे जमले नाही तेही लिहावे. एखादी योजना का फसली हे नीट सांगू शकणारा उमेदवार समितीला जास्त विश्वासार्ह वाटतो.

*शिफारसपत्रे.* मोठ्या नावाच्या मागे लागू नये. आमदाराने दिलेल्या चार ओळींपेक्षा ज्यांनी तुमचे काम जवळून पाहिले त्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे, प्रकल्प अधिकाऱ्याचे, प्राध्यापकाचे किंवा संस्थाप्रमुखाचे दीड पानी पत्र उपयोगी पडते. त्यांना एक महिना आधी सांगावे आणि सोबत आपल्या कामाची टिपणे द्यावीत. शिफारस करणाऱ्याचा ई-मेल चालू आहे ना, हे पाहावे. अनेक ठिकाणी पत्र थेट त्यांच्याकडूनच मागवले जाते.

*इंग्रजी.* टोफेल किंवा आयईएलटीएसची भीती बाळगू नये, पण तयारीला वर्षभर द्यावे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी आपल्या कामाबद्दलच बोलण्याचा सराव करावा, कारण मुलाखतीत तेच बोलायचे असते. निबंध आधी मराठीत लिहावा. विचार पक्का झाला की इंग्रजीत नव्याने लिहावा. नुसते भाषांतर केले की वाक्ये अडखळतात. यंत्राकडून किंवा दुसऱ्याकडून लिहून घेतलेला निबंध मुलाखतीत उघडा पडतो.

*वेळ.* बहुतेक फेलोशिपचे अर्ज जाण्याच्या साधारण वर्षभर आधी भरावे लागतात. खोडाळ्यासारख्या भागात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. मजकूर आधी मोबाइलवर किंवा संगणकावर तयार ठेवून शेवटच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी अर्ज भरावा.

पासपोर्ट, गुन्हे, परवानगी

पासपोर्ट आजच काढावा. निवड झाल्यावर धावपळ नको. चळवळीतल्या तरुणांसाठी यात एक महत्त्वाचा मुद्दा आहे. जानेवारी २०१८ च्या बंदनंतर अनेकांवर गुन्हे नोंदले गेले. मोर्चा, रास्ता रोको यांतलेही गुन्हे असतात. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण याचा अर्थ दार कायमचे बंद असा नाही. १९९३ च्या अधिसूचनेनुसार संबंधित न्यायालयाची परवानगी घेऊन ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. आपल्या नावावर काय प्रलंबित आहे ते वकिलामार्फत तपासावे. अर्जात किंवा पासपोर्टच्या फॉर्मवर गुन्हा लपवू नये, लपवणे हाच नवा गुन्हा ठरतो. खटला मागे घेतला असेल तर त्याचा न्यायालयीन आदेश मिळवून ठेवावा.

परदेशी निधीच्या कायद्यात व्यक्तीला मिळणारी शिष्यवृत्ती किंवा स्टायपेंड यांना सूट आहे. मात्र त्याच कायद्यानुसार सरकारी नोकर आणि राजकीय पक्षांचे पदाधिकारी यांना परदेशी आदरातिथ्य स्वीकारण्याआधी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते. आपले अनेक कार्यकर्ते एखाद्या पक्षाचे तालुका किंवा जिल्हा पदाधिकारी असतात, त्यांनी हे आधीच पाहावे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी, आरोग्य कर्मचाऱ्यांनी व ग्रामसेवकांनी रजा आणि ना-हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज वेळेत टाकावा आणि पोच घ्यावी.

अमेरिकी सरकारच्या पैशावर जाणाऱ्यांना परत येऊन दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. चेव्हनिंगलाही तशीच दोन वर्षांची अट आहे. ज्याला परदेशात स्थायिक व्हायचे आहे त्याच्यासाठी हा मार्ग नाही.

घरचा हिशेब

फेलोशिपचा भत्ता तिथे राहण्यापुरता असतो. मागे आई-वडील, कर्जाचा हप्ता, मुलांची फी असेल तर दहा महिन्यांचे पैसे आधी बाजूला काढावे लागतात. मानधनावरच्या कार्यकर्त्याला परत आल्यावर तेच काम मिळेल याची हमी नसते, त्यामुळे संस्थेशी लेखी बोलून घ्यावे. स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड होतो. दहा महिने घर सोडण्याची परवानगी मागावी लागते ती बहुतेक वेळा तिलाच. ज्या घरात नवरा भीमजयंतीला सावित्रीमाईंवर भाषण करतो, त्या घरातही. अशा वेळी चार आठवड्यांची जिनिव्हाची फेलोशिप किंवा नोकरी न सोडता करता येणारा अनिवासी मार्ग आधी बघता येईल. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या विहारांनी, महिला मंडळांनी आणि कर्मचारी संघटनांनी अशा एका कार्यकर्तीच्या मागे उभे राहणे. टोफेलची फी, मुंबईपर्यंतच्या खेपा, मुलांची काळजी हे खर्च जयंतीच्या वर्गणीतला छोटा हिस्सा काढूनही भागू शकतात.

परत आल्यावर

फेलोशिपचे खरे मोल परतल्यावर कळते. तिथून काय आणायचे, याची यादी जाण्याआधीच करावी : एका यंत्रणेचा सविस्तर अभ्यास, दहा-बारा देशांतल्या सहकाऱ्यांशी टिकणारा संपर्क आणि संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांना अहवाल देण्याची पद्धत. मानवाधिकार परिषदेच्या सार्वत्रिक आढाव्यात भारताची पाळी २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये आली. या आढाव्याला नागरी संघटना स्वतःची माहिती पाठवू शकतात. पुढच्या आढाव्याच्या वेळी जव्हार-मोखाड्यातल्या अंगणवाड्यांची, भट्टीवरच्या मुलांची आणि टँकरच्या पाण्याची नोंद तिथल्याच माणसांनी लिहून पाठवली, तर ती कुणा सल्लागाराच्या अहवालापेक्षा वजनदार ठरेल.

त्याहून जवळचे काम म्हणजे जे शिकलो ते मराठीत लिहिणे आणि तालुक्याच्या बैठकीत मांडणे. परतलेल्या प्रत्येकाने पुढच्या दोन उमेदवारांचे अर्ज तपासून द्यावेत, आणि त्यांतला एक आदिवासी सहकारी असावा. ही साखळी एकदा सुरू झाली की "आता वय गेलं" हे वाक्य आपल्याकडे कमी ऐकू येईल. नोंदवही, कात्रणे आणि अनुभव प्रमाणपत्रे गोळा करायला या आठवड्यापासूनच सुरुवात करता येईल.

जय भीम.